सातपट

हॅलो? … हॅलो… हां अक्का, बोल. … सुकन्या बोलायले, सुकन्या! फोन अप्पांचाच हाय, उचलले मी. … हाईत, हाईत. अप्पा हितंच हाईत, माझ्यासमोर बसलेत. धडधाकट हाईत. … अगं ऐक ना… ऐक तर… आधी रडायचं थांब बरं.

हो. … हो, त्यांनीच लावला होता मघाशी तुला. … कट न्हाई केला, पायापाशी टाकून दिला. दोन्ही हात गुंतले होते ना त्यांचे. … काय म्हटले? … "रेणुका, नांगर धरंना"? … एवढंच? … मग तू काय समजलीस?

अगं बाई! जळकोटला लावलीस? शेतावर? … अन् भीमा काय म्हटला? … "अप्पा इकडं आलेच न्हाईत, नांगर शेडात हाय, चांगला हाय"? … न्हाई गं, हसत न्हाई. … बरं, हसायले. काय करू, आता कुठं हसू यायलंय तर येऊ दे.

शेतातला न्हाई अक्का. नावेचा नांगर. … नावेचा! लोखंडी आकडा असतोय बघ, दोराला बांधून पाण्यात टाकायचा. तळाच्या चिखलात रुतला की नाव जागेवर राहते. … हाव, त्यालाबी नांगरच म्हणतेत. … आता ते मला काय माहीत? ज्यानं नाव ठेवलं त्याला इचार.

नावेत. … आत्ता. नावेतूनच बोलायले. … विष्णुपुरी धरणाच्या पाण्यात. … ओरडू नको. … ओरडू नको अक्का, अप्पांना ऐकू जायलंय.

घातलंय. जाकीट घातलंय त्यांनी. … नारंगी. पट्टे मी माझ्या हातानं आवळले. गळ्यातलं लिंग दबायलं म्हटले म्हणून वरचा एक ढिला केला, बाकीचे घट्ट हाईत. … पोहता येत न्हाई हे मला माहीत न्हाई का? मीबी त्यांचीच लेक हाय की.

सांगते. सगळं सांगते. तू खाली बस आधी. … दुकानात गिऱ्हाईक हाय का? … मग दाजींना बसव गल्ल्यावर अन् तू आत जा. … गेलीस? … पाणी पी.

आता ऐक. आता काही भ्यायचं न्हाई. नांगर धरलाय. पक्का धरलाय. सोमेश मोटारीची नाव घेऊन निघालाय आम्हाला ओढून न्यायला. … सोमेश, आमच्या कॉलेजातला गं, माझ्यासोबत शिकवतो तो. ही नाव आमची चौघापाचजणांचीच हाय, मुंबईहून जुनी आणलेली. … शिडाची. वाऱ्यावर चालते. … मोटार न्हाई तिला. … अक्का, शिडाच्या नावेला मोटार न्हाई म्हणून मला शिव्या देऊ नको.

झालं असं, मागच्या सुकाणूची खिळी तुटली. … सुकाणू म्हणजे मागची फळी, नाव वळवायची. ती गेली की नाव वाऱ्याच्या मनानं जाते. शीड खाली घेतले मी लगेच. पण वारं… तिकडं न्हाई का? … हितं दुपारपासून नुसतं वारं सुटलंय. पाऊस न्हाई, काही न्हाई, कोरडं वारं. अन् ते सगळं धरणाच्या दगडी भिंतीकडं.

न्हाई आपटलो. … न्हाई आपटलो म्हणून तर बोलायले तुझ्याशी!

हाव, मग टाकला ना नांगर. लगेच टाकला. तिथंच तर घोळ झाला. … त्यांचा न्हाई. माझाबी न्हाई. दोघांचा. … अगं सांगायले की! मधे मधे तोडू नको.

सकाळी मी काठावर शीड बांधायले होते. अप्पा नुसते उभे. काहीतरी काम दे म्हटले. तर मी म्हटले, अप्पा, नांगराचा दोर तुम्ही बघा. हितं खोली चार वाव धरा, अन् दोर सातपट करा.

… हां! बघ! आलं ना ध्यानात! … काय केलं असेल सांग बरं.

बराबर! दुमडला! सात पदर केले! … अक्का, तू दोरवाल्याचीच लेक बघ. … हाव ना! मी म्हणायले खोलीच्या सातपट लांब सोडा, अन् ते समजले दोर सात पदरी करा. एवढं मोठं नवं भेंडोळं होतं, ते सगळं उलगडून, चार चार वावाचे पदर घालून, पीळ देऊन, जागोजागी सुतळीनं आवळून ठेवलं त्यांनी. मनगटाएवढा जाड दोर झाला. मी गडबडीत एक नजर टाकले, म्हटले अप्पांनी कायतरी लई मजबूत केलंय. अन् ते म्हणायले, "हत्ती बांध, तुटायचा न्हाई."

न्हाईच तुटला की! तुटला कुठं? चार वाव खोली, चार वाव दोर. नांगर तळाला टेकला अन् दोर वर सरळ उभा, आडातल्या पोहऱ्यासारखा. हत्तीला पुरंल असा दोर, पण नांगर काही केल्या धरंना. रुतायचा, लाट आली की उचलायचा, अन् नाव चालली भिंतीकडं. पुन्हा टेकायचा, पुन्हा उचलायचा. तेवढ्यात त्यांनी तुला फोन लावला.

… का म्हणजे? मी समोर होते, मला सांगायचं सोडून तुलाच लावला. काही अडलं की त्यांच्या तोंडी आधी तूच. … रडायला काय झालं आता? खरं तेच सांगायले.

हां? … हाव, इथंच सगळे चुकतेत. मीबी शिकताना हेच इचारले होते. दोर लांब सोडला तर नाव तेवढी भिंतीजवळ जाणार, मग उलटा लांब का सोडायचा? … बराबर. पण आखूड सोडला तर ती थांबतच न्हाई ना! … ऐक. आपल्या पांढऱ्या गाईला आखूड दाव्यानं बांधलीस तर ती काय करते? … मान वर केली की खुंटा वरच ओढला जातोय. उपटून घेती. लांब दावं असलं तर? … आडवी ओढते, अन् खुंटा जागचा हलत न्हाई. तसंच हाय हे. दोर जेवढा लांब, तेवढा जमिनीलगत आडवा पडतोय, अन् नांगराचा फाळ मातीत शिरतोय. उभा ओढला की वर येतोय.

न्हाई, दरवेळेस सातपट न्हाई. वारं न्हाई, घडीभर डबा खायला थांबायचं हाय, तर तिप्पट चालतंय. जरा वारं असलं तर पाचपट. असलं सुटलं तर सातपट, अन् दोर असंल तर आणखी सोड. … पाण्यापासून न्हाई मोजायचं, नावेच्या नाकापासून मोजायचं, जिथून दोर सुटतोय तिथून. … तू काऊन एवढं इचारायलीस? … बरं बरं. इचार.

मग काय, मी ओरडले, "अप्पा, पदर सोडा! सगळे पदर सोडा!" त्यांना आधी कळंना. सोडला तर तुटंल म्हणायले. मी म्हटले तुटू द्या, पण लांब करा! … मला सुटता येईना गं, मी मागं वल्ह्यानं नाव सरळ धरायले होते, सोडलं असतं तर आडवी झाली असती. सगळं त्यांच्यावरच.

अन् मग बघायचं होतंस. … त्यांनी हात घातला ना त्या गाठींना… अक्का, कितीतरी महिन्यांनी बघितले मी त्यांचे हात तसे. सुतळी दातानं तोडली, पीळ मोकळा केला, एक पदर, दुसरा पदर… सरसर सरसर… दुकानात वाव मापून द्यायचे ना दोन्ही हात पसरून, तसे. फक्त मापायचं न्हाई, नुसतं सोडायचं. टोपी उडाली पाण्यात. … गेली. जाऊ दे टोपी. दस्ती बांधले मी डोक्याला त्यांच्या.

शेवटचा पदर सुटला, दोर पुरा गेला, अन् नाव चाललीच होती मागं… भिंतीचे दगड दिसायले, दगडावरचं शेवाळ दिसायलं मला… अन् मग एकदम हिसका बसला. नाक फिरलं वाऱ्याकडं. अन् थांबली.

थांबली अक्का. … हो. … अप्पा म्हटले, "धरलं बघ." एवढंच.

… हूं. … हूं. … घे, रडून घे. मीबी रडले मघाशी, त्यांनी बघितलं न्हाई.

किती लांब म्हणजे, भिंत? … हाय बऱ्यापैकी. आपल्या दुकानापासून चौकातल्या पिंपळाएवढी. … लई हाय की तेवढं! तुला काय तालुका मधे पाहिजे का?

थांब… थांब थांब. … अक्का, एक मिनिट. वारं आलं. … अप्पा! धरा! बसून घ्या खाली! … न्हाई, तुला न्हाई, त्यांना… नाव फिरायली… फिरायली… अप्पा, लिंब कुठं हाय? लिंब अन् खांब? … बघा, नीट बघा!

…

एका रेषेत हाईत? … नक्की? … हुश्श. … हाय, अक्का, हाय मी. काही न्हाई झालं. जोराचा झोत होता. नाव नुसती झुलली, दोर ताणला, पण नांगर जागचा हलला न्हाई. … कसं कळतंय? काठावर एक लिंबाचं झाड हाय अन् त्याच्या मागं विजेचा खांब. ते दोन्ही एकामागं एक दिसायलेत तोवर आपण हललो न्हाई. खांब लिंबाच्या बाजूला सरकला की समजायचं, नांगर सुटला. ते बघायचं काम अप्पांना दिलंय. … डोळा न्हाई मिटला त्यांनी तेव्हापासून. मधे मधे सांगायलेत, "हाय… हाय… हाय." परवाच तर त्यांच्या डोळ्याचा नंबर काढून नवा चष्मा आणला, त्याचं सार्थक झालं.

सोमेशची मोटार चालू होईना म्हणून उशीर झाला. आता झालीय. लांबून आवाज यायलाय. … येईल आता.

काय? … उद्या? … उद्या काऊन? … अक्का, ऐक ना. … हो, मान्य हाय, जीव जाता जाता राहिला. … हो, माझ्या नावेत बसून. … हो, मी नेले. … मी न्हाई न्हाई म्हटले का? … पण उद्या गाडी घेऊन यायचं अन् त्यांना घेऊन जायचं, हे काय? … डोळे तपासून झाले म्हणून काय झालं? डोळ्यांसाठीच आले होते, पण राहिले. आपणहून राहिले. मी म्हटले न्हाई राहा म्हणून.

अगं तुझ्यावर बोलायले न्हाई मी. … तुझ्याएवढं कुणी केलंय का त्यांचं? माघात त्यांना दुकानात चक्कर आली तेव्हा मी हितं वर्गावर होते, उचलून दवाखान्यात तू अन् दाजींनी नेलं. मला माहीत हाय. तेव्हापासून तू नीट झोपली न्हाईस हेबी माहीत हाय. … पण अक्का, तेव्हापासून त्यांनी दुकानाचा उंबरा ओलांडला का? ओट्यावर बसले की तू आत बोलावतीस. जिना चढले की मागं माणूस. आंघोळीला गेले की दाराला कान. … तब्येतीसाठीच करतीस, मला कळतंय. … हितं आले तेव्हा पहिले दोन दिवस मला इचारायले, "सुकन्या, मी बाहेर जाऊ का?" मला इचारायले! मडिवाळप्पा दोरवाले! ज्यांना इचारल्याबिगर आपण शाळेच्या सहलीला गेलो न्हाई.

न्हाई, मी शिकवायले न्हाई तुला. … बरं, शिकवायले. थोडं.

तूच इचार ना त्यांना. … न्हाई, ते फोनवर यायचं म्हणंनात, लिंबावरची नजर काढायची न्हाई म्हणायलेत. थांब, स्पीकरवर टाकते, त्यांच्याजवळ धरते. तू बोल. … बोल! … अप्पा, अक्का हाय. उद्या न्यायला येऊ का म्हणायली.

…

ऐकलंस? … वाऱ्यात गेलं का सगळं? … आता सांगते, मीच सांगते. थांब, मला नीट सांगू दे, तोडू नको.

"उद्या येऊ नको" म्हटले. … रागानं न्हाई गं. रागानं न्हाई. … अन् म्हटले, "रेणुकाला सांग, मला आज भ्या वाटलं. लई भ्या वाटलं. खोटं कशाला बोलू." … अन् पुढं… पुढं म्हटले, "चक्कर आल्यापासून तुम्ही सगळे मलाच धरून ठेवायलात. आज मी धरलो. माझ्या हातानं धरलो." … असंच म्हटले. एक शब्द इकडचा तिकडं केला न्हाई मी.

… अक्का?

… हाईस का? … हॅलो?

… बरं. हाईस.

… हां? … हूं… न्हाई, त्यांना थंडी न्हाई वाजायली. … जेवले, डबा खाल्ला दुपारी. ज्वारीची भाकर अन् शेंगाची चटणी. … हो, मीठ कमी. … आता कसं, उभं राहायचंय का बसायचंय हे त्यांचं त्यांना ठरवू दे की गं.

सोमेश दिसायला. हात हलवायलाय. … हो, आली नाव. जवळच आली. … अप्पा, आता लिंब सोडला तरी चालतंय. … न्हाई म्हणायलेत. सोमेशचा दोर हातात पडल्याबिगर नजर काढणार न्हाईत.

काय म्हटलीस? … मोठ्यानं बोल, मोटारीचा आवाज यायलाय. … गोळ्या? … बीपीच्या? हाईत की, तू दिलेल्या हाईत. … दोनतीन दिवसांच्या उरल्यात. … एसटीनं? कंडक्टरजवळ देतीस? … हो, सकाळच्या नांदेड गाडीला, मी स्टँडवर येते घ्यायला. … किती? … किती दिवसांच्या म्हटलीस?

महिन्याच्या?

… अक्का. … महिन्याच्या? … म्हणजे उद्या तू… … अगं आता तू रडायलीस का हसायलीस, मला काही कळंना. … हो. … हो, सांगते. आत्ता सांगते.

अप्पा! अक्का तुमच्या महिन्याच्या गोळ्या पाठवायली!

… लिंबाकडं बघायलेत. … थांब. … डोळे पुसायलेत दस्तीच्या टोकानं. अन् हसायलेत. … हो, दोन्ही. … वाऱ्यानं पाणी आलं म्हणायलेत डोळ्याला, आता त्यांना काय म्हणू मी?

आला, सोमेशचा दोर आला… अप्पा, तुम्ही घ्या, तुम्हीच घ्या! … धरला त्यांनी. … ठेवते अक्का, नांगर वर ओढायला मला लागतेत दोन्ही हात. काठावर गेलो की ते स्वतः लावतील तुला. … हो, सावकाश. … हो गं. ठेव.